काट्यांचं बुद्धिबळ घड्याळ घेताना आधी फ्लॅग बघा

काट्यांचं बुद्धिबळ घड्याळ हातात आलं की बहुतेक जण आधी चावी देतात, कानाला लावतात आणि टिकटिक ऐकून खूश होतात. टिकटिक ही या घड्याळातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट. हे घड्याळ किती वाजले ते सांगायला बनलेलंच नाही. दोन खेळाडूंना सारखाच वेळ मिळतोय का, आणि तो संपला तो क्षण कोणता, एवढंच त्यानं सांगायचं. म्हणून दोन्ही बाजू, म्हणजे दोन खेळाडूंच्या दोन तबकड्या, दिवसाला दोन मिनिटं मागे पडत असतील तर चालतं. एक बाजू अगदी बरोबर आणि दुसरी दिवसाला चार मिनिटं पुढे, हे मात्र चालत नाही.

डिजिटल घड्याळं सगळीकडे असताना हे का घ्यावं, याचं उत्तर सरळ आहे. प्रत्येक चालीमागे वाढीव सेकंद काट्यांच्या घड्याळाला देता येत नाहीत, त्यामुळे आजच्या बहुतेक मानांकित स्पर्धांसाठी ते उपयोगाचं नाही. सरावाला, क्लबमधल्या विनावाढीच्या डावांना, लहान मुलांना वेळेचं भान शिकवायला आणि अर्थात हौसेला मात्र ते उत्तम. उरलेला वेळ काट्याच्या आणि बाराच्या मधल्या कोनात दिसतो, आकडा वाचावा लागत नाही.

फ्लॅग म्हणजे नेमकं काय

तबकडीवर बाराच्या जवळ एक छोटी, बहुधा लाल पट्टी लटकलेली असते. मिनिटकाटा बारापासून साधारण तीन मिनिटांवर आला की त्याचं टोक तिला खालून टेकतं आणि हळूहळू उचलू लागतं. बारावर टोक निसटतं आणि पट्टी पडते. याला स्प्रिंग नाही की खटका नाही, फक्त वजन आणि एक बिजागरी. रचना इतकी साधी, आणि भांडणं सगळ्यात जास्त हिच्यावरून.

फिडेचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचा, नियम असा की घड्याळात उघड दिसणारा बिघाड नसेल, तर घड्याळ जे दाखवतं ते अंतिम. म्हणजे काटा बाराच्या किंचित अलीकडे दिसतोय पण फ्लॅग पडलाय, तर फ्लॅग पडलाच. 'अजून वीस सेकंद होती' हे पंचांना सांगून उपयोग नाही. म्हणून घड्याळ निवडतानाच दोन्ही फ्लॅग कुठे पडतात ते बघायचं.

परीक्षा अशी करा. दोन्ही बाजू पाच पंचावन्नला लावा, एक बाजू सुरू करा, मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि फ्लॅग पडेपर्यंत नजर हलवू नका. प्रत्येक बाजूची तीनदा नोंद घ्या. पाच मिनिटांच्या ऐवजी पाच मिनिटं दहा सेकंद आले म्हणून लगेच नाक मुरडू नका, कारण त्यातला मोठा वाटा लावण्याच्या चुकीचा असतो. काटा पंचवीस मिलिमीटर लांब असेल तर त्याचं टोक एका मिनिटात जेमतेम 2.6 मिलिमीटर सरकतं. लावताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली की अकरा-बारा सेकंद गेले. त्यात काच आणि तबकडी यांच्यात अंतर असतं, म्हणून तिरकं बघून लावलं तर चूक आणखी वाढते. डोळा तबकडीच्या बरोबर समोर ठेवूनच काटा लावायचा.

मग खरी चूक ओळखायची कशी? फ्लॅग पडला त्या क्षणी काटा कुठे आहे ते दोन्ही बाजूंना बघा. दोन्हीकडे बाराच्या रेषेवर, किंवा दोन्हीकडे रेषेच्या सारखाच पुढे, तर घड्याळ घ्यायला हरकत नाही. डावीकडे रेषेच्या अलीकडे आणि उजवीकडे पलीकडे पडत असेल, तर विजेच्या, म्हणजे ब्लिट्झच्या अगदी कमी वेळाच्या, डावात एका खेळाडूला कायम काही सेकंद फुकट मिळणार. मी पाच सेकंदांपर्यंतचा फरक चालवून घेतो. पंधराच्या वर असेल तर घड्याळ दुरुस्तीशिवाय टेबलावर ठेवत नाही.

यानंतर एक चाचणी, जी जवळजवळ कुणीच करत नाही. फ्लॅग पूर्ण उचललेला असताना, म्हणजे साधारण एक मिनिट उरलेलं असताना, बटण खेळात दाबतो तितक्या जोरानं दहा-बारा वेळा दाबा. बिजागरी सैल असेल किंवा काट्याचं टोक झिजलेलं असेल तर हादऱ्यानं फ्लॅग आधीच पडतो. बटण जोरात आपटायला नियमानं बंदी आहे खरी, पण शेवटच्या मिनिटात हात कुणाचा ऐकतो?

उलटा बिघाडही असतो: काटा बारा ओलांडून गेला तरी फ्लॅग वरच. कारणं सहसा तीन. बिजागरीत धूळ किंवा कुणीतरी प्रेमानं सोडलेलं तेल, पट्टी वाकून काचेला किंवा तबकडीला घासणं, आणि प्लॅस्टिकच्या काचेवर कोरडं फडकं घासल्यामुळे तयार झालेली स्थिर वीज, जी हलक्या पट्टीला ओढून धरते. तिसऱ्यावर उपाय सोपा: काच किंचित ओल्या कापडानं पुसायची. पहिल्यासाठी बिजागरी कोरड्या मऊ ब्रशनं साफ करा. फ्लॅगच्या बिजागरीत तेल कधीही घालू नका.

बटणं आणि मधली जागा

1883 च्या लंडन स्पर्धेत वापरलेली घड्याळं एका सीसॉसारख्या दांडीवर बसवलेली होती. एक घड्याळ खाली केलं की दुसरं वर येऊन चालू व्हायचं. ती कल्पना मँचेस्टरच्या टॉमस ब्राइट विल्सन यांची. त्याआधी वाळूची घड्याळं वापरून झाली होती. 1861 मधला अँडरसन आणि कोलिश यांचा सामना तसा खेळला गेला. घड्याळांचं डोलणं गेलं, पण सीसॉ राहिला. आजच्या घड्याळातही दोन बटणांच्या खाली एक दांडी असते, आणि तिच्या प्रत्येक टोकाला एक बारीक तार किंवा पातळ पत्री. ही पत्री बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे मागेपुढे फिरत टिकटिक ठरवणाऱ्या चाकाच्या, कडेला टेकली की ती बाजू थांबते, आणि सुटताना चाकाला हलकासा धक्का देऊन चालू करते.

म्हणून बटण सावकाश, अगदी गोगलगाईच्या वेगानं, एका बाजूकडून दुसरीकडे दाबून बघा. मध्ये कुठेतरी दोन्ही बाजू थांबल्या पाहिजेत. ही मधली जागा चांगल्या घड्याळात स्पष्ट लागते, आणि डाव थांबवायला, घड्याळ ठेवून द्यायला तीच वापरायची. दोन्ही बाजू एकदम चालतात अशी जागा सापडली, तर एक पत्री वाकली आहे. ते घड्याळ घेऊ नका. पत्री चिमट्यानं वाकवून जागेवर आणता येते, पण बॅलन्स व्हीलच्या शेजारी चिमटा घालायचा हात सरावलेला हवा.

नंतर दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास वेळा बटण दाबा आणि तबकडीवरची छोटी फिरणारी चकती किंवा खूण बघत राहा. ती खूण त्यासाठीच असते: बाजू खरंच चालू झाली की नाही हे दुरून कळावं म्हणून. पन्नासात एकदा जरी ती फिरायची राहिली, तर पत्रीचा धक्का कमी पडतोय किंवा आतलं तेल घट्ट झालंय. डावात असं झालं की एका खेळाडूचा वेळ चालतच नाही, आणि पाच मिनिटांनी कुणाच्या तरी लक्षात येतं. तात्पुरता उपाय म्हणून घड्याळ उभंच धरून, तबकडीच्या पातळीत, स्टिअरिंग वळवावं तसं झटकन थोडं फिरवलं की चाक सुटतं. पण असं घड्याळ स्पर्धेला नेऊ नका.

वजनाचा विचारही इथेच करा. हलकं घड्याळ बटण दाबताना सरकतं, मग खेळाडू ते दुसऱ्या हातानं धरतो, आणि घड्याळ हातात धरायला नियमात जागाच नाही. ज्या हातानं चाल केली त्याच हातानं बटण दाबायचं असतं. तळाला रबराचे पाय नसतील तर चार गोल रबरी चकत्या चिकटवा, दोन मिनिटांचं काम.

लाकडी, प्लॅस्टिक, चावीचं, बॅटरीचं

जुन्या बाजारात सगळ्यात जास्त दिसणारी दोन नावं म्हणजे गार्डे आणि यांतार. गार्डे पूर्व जर्मनीत रुला इथं बनायची, यांतार सोव्हिएत संघात ओरेलच्या कारखान्यात. दोन्ही चावीची, दोन्ही भरभक्कम, आणि दोन्हींचे सुटे भाग आता फक्त दुसऱ्या मोडक्या घड्याळातूनच मिळतात. त्यामुळे यांपैकी काही घेत असाल तर दुरुस्तीलायक नसलेलं एक जास्तीचं घड्याळ स्वस्तात मिळाल्यास उचलून ठेवा. काटे, चाव्या, मागची वेळ लावायची बटणं आणि काचा, हे चारच भाग सतत लागतात.

लाकडी पेटी दिसायला छान आणि आवाज मऊ, पण दमट हवेत लाकूड फुगलं की बटणांचे दांडे भोकात अडकतात. दाबल्यावर बटण वर यायला रेंगाळत असेल तर आधी संशय लाकडाचा घ्या, यंत्राचा नंतर. दांड्यावर पेन्सिलीचं शिसं घासलं तर बहुधा सुटतं. प्लॅस्टिकला हा त्रास नाही, पण बटणाच्या भोकांभोवती आणि मागच्या स्क्रूंच्या खांबांवर तडे जातात. विकत घेताना मागचं झाकण काढून ते खांब बघायला मिळाले तर उत्तम.

बॅटरीवरचं क्वार्ट्झ काट्यांचं घड्याळ हा मधला मार्ग. दोन्ही बाजूंची चाल, म्हणजे घड्याळाचा वेग, जवळजवळ सारखीच असते, नियमित करायचा प्रश्नच नाही. पण काटा आणि फ्लॅग तेच, त्यामुळे वरची फ्लॅगची सगळी परीक्षा इथंही लागू. इथली दुखणी वेगळी: बटणाखालचे संपर्क काळे पडतात आणि एक बाजू कधी चालते, कधी नाही, बॅटरी उतरली की मोटर पावलं चुकवते. संपर्क खोडरबरानं घासून स्वच्छ होतात. बॅटरी गळून पांढरी खपली धरली असेल तर कापसाच्या काडीला लिंबाच्या रसाचा किंवा व्हिनेगरचा थेंब लावून पुसा, मग स्पिरिटनं पुसून पूर्ण कोरडं करा. दोन बॅटऱ्या असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच जातीच्या बदला.

वेळ लावणं

प्रथा अशी की वेळ सहा वाजता संपावी. दोन तासांचा डाव चारला लावायचा, दीड तासाचा साडेचारला, पंचवीस मिनिटांचा पाच पस्तीसला, दहाचा पाच पन्नासला. सहाच का? सहाला दोन्ही काटे एका सरळ रेषेत येतात, लांबूनही ओळखता येतं. शिवाय फ्लॅग दर तासाला पडतो हे विसरू नका. चारला सुरू झालेल्या डावात पाच वाजता फ्लॅग पडेल, त्याला काही अर्थ नाही. खेळाडूला तो पहिला की दुसरा हे सांगणारा एकच काटा, तासकाटा. म्हणून सहाला तासकाटा बरोबर सहावर येतो का ते घेतानाच तपासा. तो अर्धा घर मागे असेल तर वेळेच्या तंगीत वाद ठरलेला.

पूर्ण तासांचा डाव असेल तर एक सोय आहे. मिनिटकाटा मागून बारापर्यंत आणा, फ्लॅग पडेपर्यंत अगदी हळू न्या आणि पडताक्षणी थांबा. आता पुढचा फ्लॅग बरोबर साठ मिनिटांनी पडेल, काचेतून तिरकं बघितल्याची चूक शून्य. बाराच्या रेषेवर नजरेनं लावलं तर कधी फ्लॅग वरच अडकलेला राहतो आणि डाव सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात पडतो. समोरचा दचकतो ते वेगळंच.

काटे फिरवताना शेवटचं फिरवणं नेहमी पुढच्या दिशेनं ठेवा, म्हणजे दात्यांमधली ढील एकाच बाजूला बसते. बाराच्या वरून काटा उलटा नेणं टाळा. काही घड्याळांत फ्लॅग निमूट बाजूला होतो, काहींत काटा त्यात अडकतो आणि दोघांपैकी एक वाकतो. पंचांना मात्र काटा मागे घ्यावाच लागतो: नेहमीच्या संथ डावात पहिल्या नियमबाह्य चालीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्त द्यायची असतात, जलद आणि विजेच्या डावांत एक मिनिट. फ्लॅग उचललेला असताना हे करायची वेळ आली तर दोन्ही बाजू थांबवून, हळू आणि सरळ समोरून बघत करा.

चावी, चाल आणि तेल

प्रत्येक फेरीआधी दोन्ही बाजूंना पूर्ण चावी द्या, हाताला स्पष्ट अडेपर्यंत. एका बाजूला पूर्ण आणि दुसरीला अर्धी दिली तर कमानीचा, म्हणजे चावीनं गुंडाळल्या जाणाऱ्या स्प्रिंगचा, जोर वेगळा, आणि जोर वेगळा म्हणजे चालही थोडी वेगळी. 'जास्त चावी दिल्यामुळे बिघडलं' हे वाक्य घड्याळजीकडे रोज ऐकू येतं, पण पूर्ण चावी दिल्यानं घड्याळ बिघडत नाही. जुनं तेल चिकट झालेलं असतं, घड्याळ थांबतं, माणूस आणखी चावी देतो आणि दोष चावीवर येतो. चावी बाणाच्या उलट फिरवू नका. पुष्कळ घड्याळांत ती आट्यांवर बसवलेली असते आणि सुटून हातात येते.

चाल जुळवायला प्रत्येक बाजूच्या मागे एक छोटी दांडी असते, जवळ + आणि − किंवा एफ आणि एस, फ्रेंच बनावटीवर ए आणि आर. + , एफ किंवा ए म्हणजे वेगानं. घड्याळ खेळताना असतं तसं उभं ठेवा, आडवं नाही, कारण स्थिती बदलली की चाल बदलते. एक बाजू फ्लॅग पडल्यापासून पुढच्या फ्लॅगपर्यंत चालवा आणि स्टॉपवॉचशी ताडा. मग दुसरी. तासाला पाच सेकंदांची चूक म्हणजे दिवसाला दोन मिनिटं, एवढी हरकत नाही. दांडी हलवायची ती केसभर, नंतर पुन्हा एक तास. आधी जास्त चुकणारी बाजू दुसरीच्या जवळ आणा. दोन्हींना खऱ्या वेळेशी जुळवणं नंतर, जमल्यास.

एक बाजू अचानक तासाला काही मिनिटं पुढे जायला लागली तर दांडीला हात लावू नका. बहुधा हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्स व्हीलच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व आलंय, तिचे वेटोळे एकमेकांना चिकटतात आणि चाक लहान फेऱ्या मारतं. स्पीकर, चुंबकी झाकणाचं मोबाईल कव्हर, आणि हो, चुंबकी प्रवासी पट यांच्यासोबत घड्याळ एका पिशवीत ठेवलं की हे होतं. घड्याळजीकडचं चुंबकत्व घालवायचं यंत्र काही सेकंदांत काम करतं.

तेल चार-पाच वर्षांनी, आणि फक्त घड्याळाचं. शिलाई मशीनचं तेल पसरून नको तिथे जातं, गंज सोडवायचा फवारा काही महिन्यांत चिकट होतो. थेंब सुईच्या टोकावर घ्यायचा, अक्षांच्या टोकांना लावायचा, चक्रांच्या दात्यांना आणि हेअरस्प्रिंगला अजिबात नाही. जुन्या घाणीवर नवं तेल म्हणजे सहाणच. आधी स्वच्छता, मग तेल. यंत्राच्या (चक्रं धरून ठेवणाऱ्या) पट्ट्या उघडणार असाल तर आधी कमानीतला जोर उतरवा: चावी घट्ट धरून तिला उलट फिरू न देणारी खिट्टी हलकेच सोडा आणि चावी हातातून थोडी थोडी फिरू द्या. चावी भरलेली असताना पट्ट्यांचे स्क्रू सोडले तर चक्रं सुसाट फिरतात, अक्षांची टोकं मोडतात आणि बोटंही वाचत नाहीत. हे पहिल्यांदा करत असाल तर ते जास्तीचं मोडकं घड्याळ सरावाला घ्या.

ठेवून देताना दोन्ही बाजू चालून उतरू द्या, मग बटणं मधल्या जागेवर आणा, म्हणजे कुठलंही बटण पूर्ण दाबलेलं राहत नाही. क्वार्ट्झ असेल तर बॅटऱ्या बाहेर काढा. मागची बटणं आणि चाव्या सगळ्यात आधी तुटतात, म्हणून पिशवीत मोहऱ्यांसोबत टाकायचं असेल तर मऊ कापडात, मागची बाजू आत घेऊन गुंडाळा. बरेच महिने पडून राहिलेलं घड्याळ थेट डावाला लावू नका. आदल्या दिवशी चावी देऊन प्रत्येक बाजू दोन तास चालवा आणि दोन्ही फ्लॅग एकदा पडलेले बघा.